परसातला कडुनिंब : प्रकल्प नोंदी, टाउन्सव्हिल (२०२३ ते २०२५)

२२ मार्च २०२३, गुढीपाडवा

आज पहिल्यांदाच गुढीला स्वतःच्या परसातल्या झाडाची डहाळी बांधली. मेलबर्नला होतो तेव्हा तिथल्या थंडीत कडुनिंब टिकत नसे, भारतातून येणाऱ्या कोणाला ताजी पाने आणता येत नसत, आणि पाडव्याच्या प्रसादात आम्ही नऊ वर्षे कढीपत्ता घालून वेळ निभावून नेली. ऑस्ट्रेलियाच्या उष्ण उत्तर भागात, क्वीन्सलंडमधल्या टाउन्सव्हिलला आल्यावर घेतलेल्या या घराच्या मागे मात्र पूर्ण वाढलेला कडुनिंब उभा आहे. घर पाहायला आलो त्या दिवशी खोल्या बघण्याआधी मी त्याच्या बुंध्याला हात लावून उभी राहिले होते, आणि घर घ्यायचा निर्णय खरे तर तिथेच झाला.

कोवळी पाने, गूळ, ओवा, हिंग, मीठ आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ पाट्यासारख्या एका दगडावर वाटली. फुले मात्र मिळाली नाहीत. आपल्याकडे चैत्रात मोहोर असतो. इकडे दक्षिण गोलार्धात पावसाळा नुकताच सरत आलेला असतो, झाडाला गर्द जुनी पालवी असते आणि मोहोराला अजून निदान सहा महिने अवकाश असतो.

ही वही झाडाच्या देखभालीसाठी सुरू करत आहे. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर १६४ सेंटिमीटर भरला, उंची अंदाजे ११ मीटर आहे, आणि मागच्या कुंपणापासून ओढा चाळीस पावलांवर आहे. वर्षभरात पाने वाळवून ठेवणे, मोहोर आणि निंबोळ्या कधी येतात ते टिपणे, आणि भाजीच्या वाफ्यासाठी निंबोळी अर्क करून पाहणे एवढेच सध्या डोक्यात आहे.

१६ एप्रिल २०२३

शेजारचे निवृत्त गृहस्थ आज कुंपणापाशी आले, तेव्हा त्यांच्या हातात मुळासकट उपटलेले वीतभर उंचीचे एक रोप होते. ते काही स्वयंसेवकांबरोबर महिन्यातून एकदा ओढ्याकाठचे तण काढायला जातात. त्यांनी आवाज अजिबात न चढवता विचारले, "हे तुमच्या झाडाचे असेल का?"

रोप हातात घेताच मी ओळखले. खालची पहिली दोन पाने समोरासमोर, प्रत्येक तीन पर्णिकांची. त्यांच्या वर नेहमीची, करवतीसारख्या कडांची, एका बाजूला वाकलेली पर्णिका असलेली पाने. सोटमूळ मात्र वरच्या रोपापेक्षा लांब. पान चुरगाळले तेव्हा तोच कडसर वास आला, जो लहानपणी आंघोळीच्या पाण्याला यायचा.

दुपारी त्यांच्याबरोबर ओढ्याकाठी सुमारे २०० मीटर चालले आणि ६३ रोपे मोजली. ती कुठे होती ते लिहून ठेवणे महत्त्वाचे वाटते. आमच्या झाडाखाली फारशी नव्हती, कारण तिथे गवत कापले जाते. बहुतेक रोपे पेपरबार्कच्या आणि उंबराच्या जातीच्या झाडांखाली दाटीने होती, काही तारेच्या कुंपणाखाली एका ओळीत होती, म्हणजे जिथे पक्षी बसतात तिथे. निंबोळीचा गोड गर पक्ष्याच्या पोटात जातो आणि बी त्याच्या बैठकीखाली पडते. गुडघ्याएवढी पाच रोपे तर मागच्या वर्षीची असणार.

आम्ही हाताने ५१ रोपे उपटली. जमीन अजून ओली असल्याने ती मुळासकट निघाली. उरलेली बारा मुळांतून तुटली, त्यांच्या जागांवर खुणेच्या काठ्या रोवल्या.

२३ एप्रिल २०२३

या आठवड्यात संध्याकाळी वाचन केले. क्वीन्सलंडच्या २०१४ च्या जैवसुरक्षा कायद्यात कडुनिंब बंदी घातलेल्या किंवा निर्बंध असलेल्या वनस्पतींमध्ये नाही. तो लावणे गुन्हा नाही. परंतु त्याच कायद्याने प्रत्येक माणसावर सर्वसाधारण जबाबदारी टाकलेली आहे की आपल्या हातून जैविक धोका पसरू नये यासाठी वाजवी आणि शक्य तेवढी काळजी त्याने घेतली पाहिजे. शेजारच्या नॉर्दर्न टेरिटरीत कडुनिंब घोषित तण आहे. डार्विन आणि कॅथरिन या शहरांच्या बाजूला तो नद्यांच्या काठांवर दाट वाढून स्थानिक झाडांची जागा घेतो. आफ्रिकेत घानाच्या अक्रा मैदानातही पक्ष्यांनी आणि वटवाघळांनी तो असाच पसरवला आहे. सगळीकडे त्याला सावलीसाठी, औषधासाठी, दुष्काळात टिकतो म्हणून, म्हणजे चांगल्याच हेतूने नेले गेले होते.

घराच्या आधीच्या मालकांनीही तो चांगल्या हेतूनेच लावला असेल. त्यांना दोष देण्यासारखे काही नाही.

१४ मे २०२३

आईशी फोनवर बराच वेळ बोलले. तिला ही गोष्ट पटेना. "अगं, कडुनिंबाचं कधी तण होतं का? तण म्हणजे गाजरगवत, काँग्रेस. लिंबाचं झाड दारात असावं म्हणून माणसं लावतात."

तिच्याशी बोलता बोलता माझ्याच डोक्यातला गुंता सुटत गेला. बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावी वस्तीवर सात कडुनिंब होते, आणि त्यांच्या बिया रानभर उगवून त्रास झाल्याचे मला आठवत नाही. का, याचा विचार केला तर त्या झाडाभोवती किती हात फिरत असत ते ध्यानात येते. उन्हाळ्यात दातणासाठी काड्या तोडल्या जात. चाऱ्याची टंचाई झाली की डहाळे छाटून शेळ्यांपुढे टाकले जात, आणि बांधावर उगवलेले कोवळे रोप शेळीच्या तोंडातून सहसा वाचत नसे. पाने वाळवून ज्वारीच्या कणगीत घातली जात. ज्येष्ठ-आषाढात निंबोळ्यांचा सडा पडला की बायका आणि मुले सूप घेऊन गोळा करायला येत. वाळवलेली निंबोळी व्यापारी मापाने घेऊन जाई, आणि घरी ठेवलेल्या बियांचा अर्क कापसावर फवारला जाई. कृषी सहायक सांगत असत ते प्रमाण मला अजून पाठ आहे : पाच किलो बियांची भरड रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, शंभर लिटर पाणी. झाड म्हातारे झाले की त्याचे लाकूड दारांच्या चौकटींना आणि औजारांना उपयोगी येई, कारण त्याला वाळवी सहसा लागत नाही.

म्हणजे तिथे झाडाने वर्षभरात जे जे वाढवले त्याला कोणीतरी घेणारे होते. त्याच्या ओळखीची कीड आणि बुरशीही तिथे होतीच. इथे माझ्या परसात शेळी नाही, व्यापारी नाही, दातण करणारे कोणी नाही. निंबोळी गोळा करणारे फक्त पक्षी आहेत, आणि ते ती घेऊन ओढ्यावर जातात. झाड तेच आहे. त्याच्याभोवतीची माणसांची कामे मात्र इथवर त्याच्यासोबत आलेली नाहीत.

आईला मी एवढेच म्हटले की मग ती कामे मी करून बघते. एका हंगामात एकही निंबोळी परसाबाहेर जाऊ द्यायची नाही, असे उद्दिष्ट ठेवत आहे. जमले तर झाड राहील.

१७ सप्टेंबर २०२३

मोहोर सुरू झाला आहे. संध्याकाळी मधासारखा मंद वास मागच्या पायऱ्यांपर्यंत येतो. लांब दांड्याच्या कात्रीने पोहोचतील तेवढ्या फांद्यांचा मोहोर काढला, परंतु सहा मीटरच्या वर माझा हात जात नाही, आणि मोहोराचा मोठा भाग नेमका तिथेच, उन्हात आहे.

१० डिसेंबर २०२३

निंबोळ्या पिवळ्या होऊ लागल्या. झाडाखाली शेडनेटच्या चार पट्ट्या खांबांना बांधून झोळी केली आहे. पहाटे साडेपाचला उठून पडलेल्या निंबोळ्या गोळा करते आणि बांबूच्या आकड्याने पिकलेले घोस उतरवते. शंभर निंबोळ्यांचे वजन ११८ ग्रॅम भरले, म्हणजे एका किलोत साधारण साडेआठशे बिया येतात. गोळा केलेला माल काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून तीन आठवडे कडक उन्हात ठेवते, म्हणजे बी शिजून मरते.

आज दोन चाचण्या लावल्या. ५० ताज्या बिया गर धुऊन एका ट्रेमध्ये पेरल्या, आणि दुसऱ्या ५० सावलीत कोरड्या ठेवल्या. त्या तीन महिन्यांनी पेरायच्या आहेत.

झाडावर येणारे पक्षी : कोकीळ (इथली जात आपल्या कोकिळेची जवळची नातेवाईक आहे आणि ओरडणे तसेच घर डोक्यावर घेणारे आहे), फिगबर्ड, आणि बोवरबर्ड. विद्यापीठाच्या आवारातल्या एका झुडपाखाली बोवरबर्डच्या नराने काड्यांची दोन भिंतींची कमान उभारलेली आहे, ती शनिवारी पाहायला गेले होते. मादीला रिझवण्यासाठी तो कमानीच्या तोंडाशी पांढरे शिंपले, हाडांचे तुकडे, हिरव्या काचा नीट मांडून ठेवतो. त्या मांडणीत उजव्या बाजूला, एका बाटलीच्या हिरव्या काचेला लागून, चार कच्च्या निंबोळ्या होत्या. देठाची बाजू प्रत्येकीची आत वळवलेली होती. मी गुडघे टेकून कितीतरी वेळ बघत राहिले. विद्यापीठ आमच्या घरापासून दूर आहे, तेव्हा त्या आमच्या झाडाच्या असण्याचा संभव थोडा. म्हणजे शहरात असे आणखी कडुनिंब आहेत.

२८ डिसेंबर २०२३

पहिल्या ट्रेमधल्या ५० पैकी ४१ बिया अठराव्या दिवसापर्यंत उगवल्या. एक जोमदार रोप कुंडीत लावून बाकीची नष्ट केली.

७ जानेवारी २०२४

आजवर १९.४ किलो निंबोळ्या गोळा झाल्या, म्हणजे सोळा हजारांवर बिया. हा आकडा लिहिताना समाधान वाटायला हवे होते, पण पूर्ण वाढलेले झाड वर्षाला ३० ते ५० किलो फळ देते असे सर्वत्र लिहिलेले आढळते, आणि आमच्या झाडावर अजून घोस लटकत आहेत.

रात्री विजेरी घेऊन बाहेर गेले तर शेंड्यावर वटवाघळे होती. फळ तोंडात घोळवून, रस चोखून चोथा खाली टाकतात. काही मात्र निंबोळी तोंडात धरून ओढ्याच्या दिशेने उडून गेली. पहाटे उठणाऱ्या माणसाने रात्रीच्या या वाटा कशा अडवायच्या? संपूर्ण झाडाला जाळी टाकण्याचा विचार दोन दिवस मनात होता. परंतु मोठ्या छिद्रांच्या जाळीत वटवाघळे अडकून जखमी होतात, बारीक विणीची जाळी एवढ्या उंचीवर नीट ताणून बसवणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि तो विचार सोडून दिला.

२९ जानेवारी २०२४

किरिली चक्रीवादळ २५ तारखेच्या रात्री टाउन्सव्हिलजवळ किनाऱ्यावर आले. आमच्या भागातली वीज तीन दिवस नव्हती. कडुनिंबाची पूर्वेकडची मोठी फांदी फाटून कुंपणावर पडली, शेडनेटची एक पट्टी शेजाऱ्यांच्या छपरावर सापडली. रस्त्याकडेच्या गटारीच्या जाळीवर पाने आणि निंबोळ्या एकत्र थापल्या गेल्या होत्या; मी पावडीने घमेली भरली, पण जाळीच्या खाली जे गेले ते ओढ्यात गेले. या हंगामाचे उद्दिष्ट इथेच संपले.

१० मार्च २०२४

ओढ्याकाठच्या त्याच २०० मीटरमध्ये आज १६४ रोपे मोजली. गेल्या वर्षी ६३ होती. बुंध्याचा घेर आणि रोपांची संख्या योगायोगाने एकच आकडा झाली, आणि ती लिहिताना हात थांबला.

वादळाने भर घातली हे खरे आहे. तरीही १६४ पैकी मोठा भाग पुन्हा पक्ष्यांच्या बैठकीखालीच होता, म्हणजे वादळ आले नसते तरी माझ्या झोळीने हे थांबले नसते. रोपे सावलीतही तग धरून आहेत आणि त्यांच्याखाली गवत विरळ होऊ लागले आहे.

एक गोष्ट मात्र धीर देणारी आहे. तीन महिने कोरड्या ठेवलेल्या ज्या ५० बिया आहेत त्या आज पेरल्या, आणि त्यांतल्या फारच थोड्या उगवतील असा माझा अंदाज आहे, कारण कडुनिंबाच्या बियांची उगवणक्षमता लवकर संपते. कृषी सहायकही पेरणीसाठी ताजेच बी घ्या म्हणत. सुबाभळीचे बी वर्षानुवर्षे जमिनीत दबा धरून बसते, तसे याचे नाही. जर फळ देणारे झाडच उरले नाही, तर एक-दोन पावसाळे रोपे उपटत राहिल्यावर हा काठ मोकळा होऊ शकतो.

(नंतरची भर, १ एप्रिल : ५० पैकी ३ उगवल्या.)

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा

झाड काढायचे ठरले आहे. घरात यावर तीन आठवडे चर्चा झाली. माझे पती सुरुवातीपासून काढण्याच्या बाजूचे होते, मुलीला झोपाळ्याची फांदी जाणार याचे दुःख होते. मी सगळ्यात उशिरा तयार झाले.

आईला सांगितले तेव्हा ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "फुलावर असताना तोडू नको, पोरी. आणि आधी त्याला सांग. हळदकुंकू वाहा आणि सांग की आमची अडचण आहे." मोहोराआधी तोडणे शास्त्रानेही योग्यच आहे, म्हणून जून ठरवला. महापालिकेकडे विचारणा केली. या झाडासाठी परवानगीची गरज नसल्याचे लेखी उत्तर आले.

आजच्या गुढीला याच झाडाची डहाळी आहे. चांगली मोठी बांधली.

२२ जून २०२४

सकाळी सातला हळदकुंकू वाहिले, तांब्याभर पाणी घातले, आणि आईने सांगितले तसे सांगितले. साडेसातला माणसे आली.

दोर लावून वर चढलेल्या तरुणाने शेंड्यापासून फांद्या एकेक करून उतरवल्या. अकरापर्यंत फक्त खोड उरले होते. त्याचा आडवा छेद मी पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहिला : कडेला फिकट पिवळसर पट्टा, आत तांबूस लाकूड, आणि ताज्या कापाला आलेला तीव्र, थोडासा लसणासारखा वास. महोगनी याच कुळातली आहे, हे त्या रंगावरून सहज पटते.

पुढचा भाग तपशिलाने लिहिते, कारण इथेच बहुतेकांची चूक होते. कडुनिंब नुसता तोडला तर बुंध्यातून जोमाने फुटवे येतात. आपल्याकडे लाकूडफाट्यासाठी ते सोयीचे असते, इथे त्यामुळे केलेले काम फुकट जाते. म्हणून खोड जमिनीपासून दहा सेंटिमीटरवर सपाट कापले आणि कापल्याबरोबर, मिनिटही न दवडता, ट्रायक्लोपिर आणि पिक्लोरॅम असलेले तणनाशक डिझेलमध्ये एकास साठ या प्रमाणात मिसळून ब्रशने लावले. झाडाचा जिवंत भाग सालीलगतच्या कड्यात असतो, त्यामुळे मधोमध ओतण्याऐवजी बाहेरचे कडे आणि खालची साल नीट भिजवली. हे काम परवानाधारक माणसाने केले. ओढा जवळ असल्यामुळे फवारणी कुठेही केलेली नाही, आणि काठावरच्या रोपांना पुढेही फक्त हात आणि खुरपेच लावायचे आहे.

झाडावर या दिवसांत फळ नसल्याने फांद्यांचा भुसा निर्धास्तपणे आच्छादनाला वापरता आला. खोडाचा एक तुकडा शेजारच्या गृहस्थांनी सुतारकामासाठी मागून घेतला.

दुपारी स्वयंपाकघरात ऊन थेट ओट्यापर्यंत आले. या घरात ते कधी आले नव्हते.

१८ ऑगस्ट २०२४

बुंधा कोरडा आहे, फुटवा नाही. परंतु चार मीटरवर, जिथे दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या पाइपासाठी चर खणताना मुळे दुखावली होती, तिथे मुळांतून सात कोंब आले आहेत. जखम झालेल्या मुळातून असे कोंब येतात. ते उपटले तर मूळ पुन्हा दुखावून आणखी येतील, म्हणून त्याच माणसाला बोलावून प्रत्येक कोंब कापून लगेच औषध लावून घेतले.

३० नोव्हेंबर २०२४

पावसाळ्याच्या तोंडावर नवे झाड लावले. निवड करताना आधी बकाण निंबाचा विचार केला होता, कारण तो कडुनिंबाचा भाऊबंद आहे, इथलाच मूळ रहिवासी आहे, आणि त्याची जांभळट फुले फार सुंदर दिसतात. मात्र त्याची फळे माणसाला आणि जनावरांना विषारी आहेत, आणि हिवाळ्यात, म्हणजे इथल्या नेमक्या लख्ख उन्हाच्या दिवसांत, तो उघडाबोडका होतो. (बकाण निंब अमेरिकेच्या दक्षिण भागात उपद्रवी ठरला आहे. एका किनाऱ्यावर घरचा असलेला वृक्ष दुसऱ्या किनाऱ्यावर उपरा असतो, त्यामुळे नुसत्या नावावरून झाड निवडता येत नाही. ते कुठले आहे हे दर वेळी पाहावे लागते.)

शेवटी स्थानिक झाडांच्या रोपवाटिकेत जी उंडी मिळाली ती घेतली. पाटीवरचे नाव वेगळे होते, पण जाड चकचकीत पान आणि त्यावरच्या केसासारख्या बारीक समांतर शिरा पाहून मी थांबले. माझ्या आजोळी, गुहागरच्या किनाऱ्यावर, हेच झाड आहे. तिथे तिच्या बियांचे तेल पूर्वी दिव्याला आणि होड्यांना वापरत, सांधेदुखीवर चोळत. उत्तर क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावरही ती आपोआप वाढलेली, मूळचीच आहे. वाढ सावकाश होते, सावलीसाठी बरीच वर्षे थांबावे लागेल. घराच्या भिंतीपासून आठ मीटर अंतर ठेवून, ६० सेंटिमीटर रुंदीच्या खड्ड्यात लावली आणि भोवती कडुनिंबाच्याच भुशाचे आच्छादन घातले.

कुंडीतल्या कडुनिंबाविषयीचे नियम आज लिहून फ्रिजवर लावले. कुंडी ४० लिटरची. ती मातीवर नव्हे, फरशीवर राहील, म्हणजे तळातून मूळ जमिनीत उतरणार नाही. उंची १.२ मीटरच्या वर जाऊ द्यायची नाही. दर ऑगस्टला छाटणी. कडुनिंब साधारण तिसऱ्या ते पाचव्या वर्षापासून फुलतो, त्यामुळे २०२६ पासून सप्टेंबर ते नोव्हेंबर दर आठवड्याला पाहणी करून मोहोर दिसताच काढायचा. रोप कोणालाही द्यायचे नाही. घर सोडायची वेळ आली तर आधी ते नष्ट करायचे.

या शेवटच्या नियमावर मुलीने हरकत घेतली. तिला मी ओढ्यावर घेऊन गेले.

१६ फेब्रुवारी २०२५

महिन्याच्या सुरुवातीला सलग काही दिवस झालेल्या अतिवृष्टीने ओढा दोन्ही काठांवर चढला होता. पाणी ओसरल्यावर आज पुन्हा मोजणी केली : २०० मीटरमध्ये २२ रोपे. त्यांतली बारा गेल्या वर्षीची, आमच्या नजरेतून सुटलेली होती. ती कुदळीने खणून काढावी लागली, कारण सोटमूळ आता हातभर गेले आहे.

उरलेली दहा मात्र कोवळी, या पावसाळ्यातली आहेत. तीन पर्णिकांची पहिली पाने अजून गळलेली नाहीत. आमचे झाड जूनमध्ये गेले, मागच्या उन्हाळ्यातल्या बिया आतापर्यंत मेलेल्या असणार. मग ही दहा कुठून आली? पाण्याबरोबर वरून, किंवा पक्ष्यांबरोबर.

उंडी वाकली होती, काठीचा आधार दिला.

३० मार्च २०२५, गुढीपाडवा

कुंडीतून सहा पाने काढली. वाटून प्रसाद प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर आला, आणि तेवढा पुरला. गुढीला आंब्याच्या पानांच्या डहाळ्यात कडुनिंबाचा एकच लहान शेंडा बांधला. शेजारच्या गृहस्थांनी मागच्या वर्षी नेलेल्या खोडाच्या तुकड्याचा पाट करून दिला आहे. गुढी त्यावर उभी केली. लाकूड तेल लावल्यावर जास्त तांबूस दिसते.

१३ एप्रिल २०२५

ओढ्याच्या वरच्या अंगाला चालत गेले. सुमारे ६०० मीटरवर, एका घराच्या मागच्या कुंपणावरून, तीच गर्द पालवी दिसली. झाड आमच्यापेक्षा मोठे आहे. त्याच्यासमोरच्या काठावर ४८ रोपे मोजली.

एक रोप मुळासकट काढले, माती झटकली आणि पुढच्या बाजूने जाऊन दारावरची घंटा वाजवली. दार उघडणाऱ्या बाई सत्तरीच्या असाव्यात. तमिळ आहेत, झाड त्यांच्या यजमानांनी तीस वर्षांपूर्वी लावले, आणि ते आता नाहीत. मी रोप दाखवून तोच प्रश्न विचारला जो मला विचारला गेला होता, आणि शक्य तितक्या हळू आवाजात विचारला. त्यांनी ते हातात घेतले, पान चुरगाळून वास घेतला.

तोडण्याविषयी मी बोलले नाही. सप्टेंबरमध्ये मोहोर आला की फांद्यांची मोठी छाटणी करून देणे, आणि डिसेंबर-जानेवारीत रोज सकाळी येऊन निंबोळ्या उचलणे, एवढे करू द्याल का असे विचारले. त्यांनी शेडनेट कुठून आणता, ते विचारले. पुढची भेट ७ सप्टेंबरला ठरली आहे; तोवर त्या ४८ रोपांचे काम आमच्याकडे आहे, आणि जमीन ओली आहे तोपर्यंत, म्हणजे पुढच्या दोन आठवड्यांत, ते उरकले पाहिजे.